डीपीएफचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो? डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या मालकांसाठी

सातारा शहरात डिझेलवर चालणारी चार मीटरच्या आतली एसयूव्ही वापरणाऱ्यांची एक तक्रार गेली काही वर्षे वारंवार कानावर येते आणि तिचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. डॅशबोर्डवर सायलेन्सरच्या आकृतीत ठिपके दाखवणारा पिवळा दिवा लागतो, पिकअप थोडा मंदावल्यासारखा वाटतो आणि ॲव्हरेज घसरते. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून ‘फोर्स रिजनरेशन’ केले जाते, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली काजळी सक्तीने जाळली जाते, बिल हातात पडते आणि दिवा गेलेला असतो. काही आठवड्यांनी तोच दिवा पुन्हा लागतो. दुसऱ्या फेरीला सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो, “साहेब, तुमची गाडी गावातच फिरते. जरा हायवेला पळवत जा.” हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागापायीच अनेकांचे पैसे वाया जातात.

डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, भरतो यात बिघाड काहीच नाही, कारण तो काजळी साठवण्यासाठीच बसवलेला असतो. ठरावीक काजळी साठली की इंजिनाने ती स्वतःच जाळून टाकावी, अशी त्याची रचना असते. म्हणून दिवा लागल्यावर “फिल्टर साफ करा” असे सांगण्यापेक्षा “फिल्टर आपोआप साफ का झाला नाही?” हे विचारणे जास्त उपयोगाचे आहे. या प्रश्नाचे उत्तर कधी आपल्या गाडी वापरण्याच्या पद्धतीत सापडते, तर कधी शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी नळीत. ते न शोधता केलेले रिजनरेशन तात्पुरतेच ठरते.

फिल्टरच्या आत काय घडते

१ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ मानके लागू झाली. त्याआधीच्या बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्याचबरोबर डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० पर्यंत खाली आणले गेले. एवढी घट केवळ इंजिनात सुधारणा करून साधणे अवघड असल्यामुळे डिझेल कारमध्ये डीपीएफ आला. मारुती सुझुकीने याच टप्प्यावर डिझेल गाड्या बंद केल्या, तर इतर काही कंपन्यांनी दीड लिटरच्या आतील डिझेल इंजिने नव्या मानकांना बसवून पुढे चालू ठेवली. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणी, सुरू झाला आणि गाडीतील देखरेख यंत्रणा आणखी काटेकोर झाली. जुनी डिझेल गाडी विकून नवी घेणाऱ्याला हा बदल विक्रीच्या वेळी क्वचितच कोणी समजावून सांगतो.

फिल्टर आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. त्यातील बारीक नळ्या एकाआड एक बंद केलेल्या असल्याने धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पार व्हावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकून राहते. ती जाळण्याचे दोन मार्ग आहेत. गाडी लांबवर, बऱ्यापैकी ओझ्याखाली चालत असेल, तर एक्झॉस्टमधील नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्याने साधारण २५० अंश सेल्सिअसच्या पुढे काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढ्याने भागले नाही, तर इंजिनाचा संगणक सक्रिय रिजनरेशन सुरू करतो. त्यात सिलिंडरमध्ये ज्वलन झाल्यानंतर उशिराने थोडे जादा डिझेल फवारले जाते, ते फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे ज्वलनाला मदत करणाऱ्या भागात, जळते आणि फिल्टरचे तापमान ६०० अंशांच्या आसपास पोहोचते. ही स्थिती पंधरा-वीस मिनिटे टिकली, तर काजळी बहुतांशी वायू होऊन निघून जाते.

पंधरा-वीस मिनिटे हा यातला कळीचा भाग आहे. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत, तेथून मुलांना शाळेत सोडून बाजार उरकून घरी, अशा फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापते न तापते तोच गाडी बंद होते. संगणकाने रिजनरेशन सुरू केले तरी ते अर्ध्यावर तुटते, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तुटते. काजळी वाढतच जाते आणि एका मर्यादेनंतर दिवा लागतो. सांगलीतून विश्रामबागमार्गे मिरजेला दररोज ये-जा करणाऱ्यांचेही हेच होते, कारण अंतर थोडे असले तरी त्यातला बराच वेळ सिग्नल आणि गर्दीत जातो. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पेठ-सांगली रस्त्यावर रखडणारी गाडी कागदोपत्री शहराबाहेर चाललेली असते, पण तिच्या फिल्टरच्या दृष्टीने ती शहरातच असते.

गॅरेजला जाण्याआधी घरी पाहायच्या गोष्टी

रिजनरेशन चालू असताना गाडी काही खुणा देते आणि त्या ओळखता आल्या, तर निम्मे काम होते. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीच्या साडेसातशे-आठशेऐवजी हजाराच्या आसपास राहतो, एसी बंद असूनही रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय काम करत नाही, आणि खाली उतरल्यावर तापलेल्या लोखंडासारखा उग्र वास येतो. स्क्रीनवर त्या क्षणाचे ॲव्हरेज दिसत असेल, तर तेही एकदम खाली आलेले दिसते. अशा वेळी घर आले असले तरी शक्य असल्यास लगेच गाडी बंद करू नये, मोकळ्या रस्त्याने आणखी थोडी फिरवून आणावी. अनेक मालक वर्षानुवर्षे या खुणा पाहतात आणि “पंखा बिघडला असावा” असे समजून गाडी बंद करून निघून जातात.

दुसरी गोष्ट डिझेलच्या काट्याची. बऱ्याच गाड्यांत टाकी रिझर्व्हवर असताना सक्रिय रिजनरेशन सुरूच होत नाही. पाचशे रुपयांचे डिझेल टाकत टाकत गाडी चालवण्याची सवय असेल, तर फिल्टर भरण्याचे तेही एक कारण असू शकते. इंजिन चेकचा दिवा दुसऱ्याच कुठल्या दोषासाठी लागलेला असला, तरी अनेक गाड्यांत रिजनरेशन रोखून धरले जाते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, गोष्ट ऑइलची. रिजनरेशनसाठी उशिराने फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. रिजनरेशन पूर्ण झाले, तर हा अंश अल्प राहतो, पण ते वारंवार अर्ध्यावर तुटत गेले की ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते. सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बाहेर काढावी, पुसून पुन्हा घालावी आणि मग पातळी पाहावी. ती वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, ऑइल बोटांत नेहमीपेक्षा पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नये. जास्तीचे ऑइल काढून पातळी बरोबर करणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण उरलेले ऑइलही तितकेच पातळ झालेले असते. ते पूर्ण बदलून घ्यावे, नाहीतर बेअरिंग आणि टर्बो झिजतात. “ऑइल कमी झालेले नाही, उलट थोडे जास्तच आहे” हे वाक्य पूर्वी समाधानाने उच्चारले जात असे, डीपीएफच्या गाडीत ते धोक्याचे आहे.

एक सोपी पाहणी सायलेन्सरच्या शेपटीची. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीच्या टेलपाइपमध्ये थंड असताना बोट फिरवले, तर धूळ लागते, पण काजळीचा काळा लेप लागत नाही. बोट काळेकुट्ट झाले, तर फिल्टरला आतून तडा गेला आहे किंवा कोणीतरी तो पोकळ करून ठेवला आहे, असे समजावे. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी दलालाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा भरवशाची ठरते.

हायवेची फेरी कशी मारावी

दिवा पिवळा आणि स्थिर असेल, दुसरा कोणताही दिवा लागलेला नसेल आणि गाडीची ताकद शाबूत असेल, तरच हा उपाय करावा. दिवा लुकलुकत असेल, सोबत इंजिन चेक लागला असेल किंवा गाडी ठरावीक आरपीएमच्या पुढे जायलाच तयार नसेल, तर गाडी पळवण्याच्या भानगडीत न पडता थेट गॅरेज गाठावे. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत त्या मॉडेलसाठी दिलेला वेग आणि गिअर यांना सर्वांत आधी मान द्यावा, कारण इथे लिहिलेले आकडे सर्वसाधारण आहेत.

टाकीत पुरेसे डिझेल असावे आणि इंजिन नेहमीच्या तापमानावर आलेले असावे. मग ६० ते ८० च्या स्थिर वेगाने, आरपीएम दोन हजारांच्या थोडा वर राहील असा गिअर ठेवून, सलग वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवावी. येथे लोक हमखास वरच्या गिअरला जातात. सहाव्या गिअरमध्ये ७० च्या वेगाला आरपीएम दीड हजाराच्या आसपासच राहतो आणि एक्झॉस्ट हवा तेवढा तापत नाही, म्हणून एक-दोन गिअर खालीच राहावे. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड वापरावा. साताऱ्याहून लिंब फाटा, आनेवाडी, पाचवड, भुईंज, सुरूर हा उत्तरेकडचा पट्टा या कामासाठी ठीक आहे, मात्र खंबाटकी घाटाच्या रांगेत अडकण्याआधी सुरूर फाट्याजवळून मागे फिरावे. कराडकडे जाणारा रस्ता एरवी याहून चांगला, कारण तो कृष्णाकाठाने बराचसा सपाट जातो. मात्र शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी सेवा रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर तेथे सलग वेग मिळत नाही. त्या दिवसाची परिस्थिती पाहूनच दिशा ठरवावी.

यवतेश्वरचा घाट चढल्याने फिल्टर साफ होतो, असे साताऱ्यात ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. चढताना इंजिनावर ओझे येते आणि एक्झॉस्ट चांगला तापतो हे खरेच आहे. पण चढ संपल्यावर कासच्या वाटेवर गर्दीत रखडले किंवा लगेच उतरणीला लागले, की चित्र पालटते. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की इंजिनाला डिझेल मिळणे थांबते, फिल्टरमधून थंड हवा वाहू लागते आणि चाललेले रिजनरेशन थांबते. त्यामुळे घाट हा उपाय म्हणून फारसा कामाचा नाही, सपाट आणि मोकळा रस्ताच हवा.

फेरीनंतर गाडी कोठे उभी करता, याकडेही लक्ष असू द्यावे. रिजनरेशनच्या वेळी आणि त्यानंतर काही काळ गाडीखालचा भाग अतिशय तापलेला असतो. पावसाळा संपल्यावर पठारावर वाळलेल्या गवतात, किंवा तोडणी झालेल्या शेतात उसाच्या पाचटावर गाडी उभी केली, तर आग लागण्याचा धोका असतो. शेतावर जाणाऱ्यांनी गाडी बांधावरच्या मोकळ्या मातीवर किंवा रस्त्याकडेला ठेवावी.

तरीही दिवा परत आला तर

येथून पुढे वापराला दोष देणे थांबवावे. कराडहून साताऱ्याला रोज हायवेने ये-जा करणाऱ्या माझ्या परिचयाच्या एका डॉक्टरांच्या गाडीलाही हा दिवा लागत होता. त्यांनासुद्धा “गाडी पळवत जा” हेच ऐकवले गेले, जणू ते रोजचे शंभर किलोमीटर गाडी ढकलत नेत होते. शेवटी कराडमधल्याच एका लहान गॅरेजवाल्याने स्कॅनरवर इतर काही पाहण्याआधी कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान पाहिले. अर्धा तास हायवेवर चालूनही ते सत्तरीच्या पुढे सरकत नव्हते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकून राहिलेला होता. इंजिन पुरेसे गरम झाले आहे, याची खात्री पटल्याशिवाय संगणक सक्रिय रिजनरेशनला हात घालत नाही, त्यामुळे फिल्टर साफ होण्याची संधीच येत नव्हती. थर्मोस्टॅट बदलला आणि प्रश्न मिटला. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या पट्टीवर हा दोष बहुधा कळत नाही, कारण ती पट्टी बऱ्याच मोठ्या टप्प्यात एकाच जागी स्थिर राहते.

थर्मोस्टॅटची ढोबळ तपासणी घरीही करता येते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी आणि बॉनेट उघडून रेडिएटरकडे जाणारी वरची जाड नळी हाताने चाचपावी, अर्थात पंखा आणि पट्ट्यापासून बोटे लांब ठेवूनच. थर्मोस्टॅट नीट बंद होत असेल, तर इंजिन तापेपर्यंत ती नळी गार राहते आणि मग थोड्या वेळात झपाट्याने गरम होते. सुरुवातीपासूनच ती सावकाश कोमट होत गेली, तर थर्मोस्टॅट संशयास्पद आहे. स्कॅनरवर कधी कधी पी ०१२८ हा दोषाचा कोडही आलेला असतो. साताऱ्यातल्या थंडीच्या सकाळी हा दोष जास्त जाणवतो, उन्हाळ्यात झाकला जातो आणि म्हणूनच “हिवाळ्यातच दिवा लागतो” असे सांगणाऱ्यांनी आधी इकडे पाहावे.

दुसरा नेहमीचा दोषी म्हणजे दाबफरक मोजणारा सेन्सर आणि त्याच्या नळ्या. फिल्टर किती भरला, हे संगणकाला डोळ्यांनी दिसत नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतील फरक, तसेच गाडी कशी चालली याचा हिशेब, यांवरून तो अंदाज बांधतो. हा फरक सेन्सरपर्यंत बारीक नळ्यांनी येतो. नळी चिरली, निसटली, आत काजळी साचून तुंबली किंवा पाणी शिरले, तर अंदाज साफ चुकतो. मग रिकामा फिल्टर भरलेला दिसतो किंवा भरलेला रिकामा दिसतो. सांगलीतील एका हळद व्यापाऱ्यांची गाडी गोदामाशेजारी उभी असते. त्यांच्या गाडीत उंदरांनी नेमकी हीच नळी कुरतडली होती आणि त्याआधी दोनदा रिजनरेशनचे पैसे भरून झाले होते. उसाच्या पट्ट्यात शेताजवळ गाडी उभी करणाऱ्यांना उंदरांचा उपद्रव नवा नाही. बॉनेट उघडून वायरिंग आणि नळ्यांवर नजर टाकण्याचे काम महिन्यातून एकदा करायला हरकत नाही.

या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे आणि स्कॅनरवर दाबफरक वाचावा. धूर वाहतच नसल्यामुळे तो शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ असला पाहिजे. तो तसा नसेल, तर फिल्टरबद्दल काहीही बोलण्याआधी सेन्सर तपासावा. नंतर गरम इंजिन सुरू करून आरपीएम वाढवत गेल्यास हा फरक क्रमाने वाढत गेला पाहिजे. आरपीएम तीन हजारांवर नेऊनही आकडा जागचा हलत नसेल, तर नळी निघालेली आहे किंवा फिल्टर पोकळ आहे. मेकॅनिकला स्कॅनर हाताशी असेल, तर या परीक्षेला पाच मिनिटेही लागत नाहीत. तरीही ती न करता थेट रिजनरेशनचे बटण दाबले जाते, हे माझ्या मते आळसाचे लक्षण आहे.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन स्वतःच जादा काजळी करत असणे. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला, इंजेक्टर गळू लागला, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळीला चीर पडून हवा कमी पडू लागली किंवा टर्बोमधून ऑइल जाऊ लागले, की काजळी भराभर तयार होते. जुन्या गाडीत हे दोष मागच्या काळ्या धुरावरून चारचौघांनाही कळत. आता तोच धूर फिल्टर पोटात घेतो, मागे काहीच दिसत नाही, आणि फिल्टर लवकर भरणे ही त्या दोषाची जवळजवळ एकमेव खूण उरते. म्हणूनच दोन रिजनरेशनमधील अंतराला फार महत्त्व आहे. सर्वसाधारण वापरात हे अंतर काहीशे किलोमीटरचे असते. ते शंभराच्याही खाली आले असेल आणि गाडी हायवेवर चालत असेल, तर फिल्टरच्या पुढे जाऊन इंजिनाकडे बघावे लागेल.

ऑइलचा प्रकार हा मुद्दा थोडक्यात. कंपनीने सांगितलेले, कमी राख सोडणारे ऑइलच वापरावे, डब्यावर त्याची श्रेणी सहसा सी-२, सी-३ अशी छापलेली असते. साध्या ऑइलमधील धातूजन्य घटक जळून राख होतात, ती फिल्टरमध्ये साचते आणि कोणत्याही रिजनरेशनने जळत नाही. “सगळी डिझेल ऑइले सारखीच” असे म्हणणाऱ्या मेकॅनिककडून ऑइल बदलून घेऊ नये.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय मागावे

तक्रार लिहून घेताना जॉब कार्डावर “डीपीएफ दिवा लागतो” एवढेच न लिहिता “दिवा पुन्हा लागला, आधीचे रिजनरेशन अमुक तारखेला, अमुक किलोमीटरला” असे लिहायला लावावे. काम सुरू होण्याआधीचे स्कॅनरवरचे आकडे छापून किंवा फोटो काढून मागावेत. त्यात सर्व फॉल्ट कोड, काजळीचे प्रमाण, राखेचे प्रमाण, शेवटच्या यशस्वी रिजनरेशननंतर झालेले अंतर, कूलंटचे तापमान आणि दाबफरक हे आले पाहिजेत. पी २४६३ हा कोड काजळी साठल्याचे सांगतो, पी २००२ फिल्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचे सांगतो आणि पी २४५२ ते पी २४५५ हे कोड दाबाच्या सेन्सरच्या किंवा त्याच्या सर्किटच्या दोषाकडे बोट दाखवतात. शेवटच्या गटातला कोड असताना फिल्टर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर लेखी कारण मागावे. आकडे दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर दुसरीकडे स्कॅन करून घेण्याचा खर्च फिल्टरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

उभ्या गाडीवर केलेले रिजनरेशन हे शेवटच्या टप्प्यातले शस्त्र आहे. त्यात इंजिनावर आणि ऑइलवर ताण येतो, म्हणून त्यानंतर ऑइलची पातळी आणि वास तपासून गरज असल्यास ते बदलावे. काजळी फारच वाढली असेल, तर संगणक तेही करू देत नाही, कारण इतकी काजळी एकदम पेटली तर आतील सिरॅमिक तडकते. मग फिल्टर काढून बाहेर स्वच्छ करणे किंवा बदलणे एवढेच पर्याय उरतात. राखेने भरलेला फिल्टर, आणि ही वेळ साधारणपणे लाखभर किलोमीटरच्या पुढे येते, व्यावसायिक पद्धतीने धुऊन पुन्हा बसवता येतो. मात्र आधीचा आणि नंतरचा दाबफरक दाखवणाऱ्याकडेच तो द्यावा. टाकीत ओतायच्या बाटल्यांचा उपयोग झालाच तर काजळी थोडी लवकर पेटायला होतो. थर्मोस्टॅट किंवा सेन्सरच्या दोषावर त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

“फिल्टर काढून पोकळ करून देतो, संगणकातही बंद करून टाकतो, पुन्हा त्रास नाही” असे सांगणारे लोक साताऱ्यातही भेटतात आणि पुण्यातही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. वॉरंटीचा दावा बुडतो तो वेगळाच. शिवाय इंजेक्टर गळत असेल, तर तो गळतच राहतो, फक्त आता ते सांगणारा दिवाही उरत नाही.

वॉरंटीत असलेल्या गाडीचा दिवा वारंवार लागूनही मूळ कारण शोधले जात नसेल, तर आधी कंपनीच्या ग्राहक कक्षाकडे लेखी तक्रार करावी, सोबत सर्व जॉब कार्डे जोडावीत. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही जाता येते, त्यामुळे गाडी पुण्यात घेतली असली तरी साताऱ्यात तक्रार दाखल करता येईल. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. “हा तुमच्या वापराचा दोष आहे” हा बचाव तेथे हमखास येतो आणि त्याला उत्तर देण्यासाठी वर सांगितलेले छापील आकडे, टोलच्या नोंदी आणि दोन सर्व्हिसमधील किलोमीटर हेच कामी येतात.

नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे. रोजचा वापर शाहूपुरी ते पोवई नाका एवढाच असेल आणि हायवे महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच घडत असेल, तर डिझेलच्या ॲव्हरेजचा मोह धरू नये, पेट्रोल घ्यावी. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कराड, पुणे किंवा सांगलीची फेरी होणाऱ्यांनी डिझेल खुशाल घ्यावी. जुनी डिझेल घेताना मात्र विसार देण्याआधी स्कॅनर लावून राखेचे प्रमाण, शेवटच्या रिजनरेशननंतरचे अंतर आणि पुसून टाकलेल्या कोडनंतर गाडी किती चालली, हे तिन्ही आकडे पाहावेत. कोड कालच पुसलेले निघाले, तर आठवडाभराने पुन्हा स्कॅन करू द्या असे विक्रेत्याला सांगावे, आणि तो तयार नसेल तर दुसरी गाडी बघावी.